दिनविशेष : 18 नोव्हेंबर

वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म 1884 साली मालवणचा. पण नाव गाजले ते एका प्राण्यामुळे! सह्याद्रीत भटकताना त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. तोवर हा प्रकार केवळ आफ्रिकेतच आढळतो, असा समज होता. 1912 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने त्याची दखल घेतली. कलकत्ता विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद दिले. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीत गेले, तर पहिले महायुद्ध पेटले आणि काही काळ स्थानबद्धता वाट्याला आली. तरीही डॉक्टरेट मिळवूनच परतले. 1946 मध्ये निवृत्तीनंतर आराम न करता पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे संस्थापक संचालक झाले, ते 2 सप्टेंबर 1960 रोजी निधन होईपर्यंत. विज्ञानवर्धिनीच्या संशोधन संस्थेला 1992 पासून आघारकरांचे नाव आहे.