कामरेजचे दफ्तर आणि संगणकाची नवी प्रणाली

सुरतेच्या पूर्वेस, तापीकाठी वसलेल्या कामरेजचे नाव इ.स. 692 च्या चालुक्य ताम्रपटात ‘कार्मणेय आहार’ या विभागनामात आढळते. आणि ज्या भूमीच्या दानाची नोंद तांब्यावर कोरली गेली, तिच्याच खातेपत्रकाने पुढे कागद, रुमाल आणि अखेर संगणक अशी आश्रयस्थाने बदलावीत, यात मला त्या गावाचा खरा इतिहास दिसतो.

बडोद्याच्या गायकवाडी अमलात कामरेज हा नवसारी प्रांताचा तालुका होता. वहिवाटदाराच्या कचेरीत रयत गुजरातीत बोले, आणि हुजूर दफ्तराचे जुने हिशेब मात्र मराठीत, मोडी वळणाने उतरलेले असत. 1875 साली महाराज मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले, सर टी. माधवराव दिवाण म्हणून आले आणि 1881 च्या अखेरीस सयाजीराव महाराजांनी मुखत्यारी घेतली. त्यानंतर एलियट या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली जमिनीची पैमाश होऊन शेताशेताला नंबर व आकार मिळाला. कारभाराची जुनी घडी मोडून नवी बसवायची, पण कोणाच्या शेताचा बांध आणि कोणाचा हक्क हरवू द्यायचा नाही, हे काम तालुक्यातालुक्याने, धीराने करावे लागले. शब्दांच्या बाबतीतही हीच दक्षता दिसते: 1931 साली बडोदे सरकारने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ प्रसिद्ध करून राज्यकारभाराच्या शब्दांचे पर्याय आठ भाषांत शेजारी शेजारी मांडले. जुने जाणणाऱ्यास नवे आणि नवे जाणणाऱ्यास जुने वाचता यावे, ही त्यामागील कळकळ मला फार मोलाची वाटते.

1949 च्या 1 मे रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले, 1960 साली गुजरात वेगळा झाला, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी ‘ई-धरा’ योजनेखाली हस्तलिखित सातबाऱ्याची जागा संगणकाने घेतली.

दफ्तर संगणकावर आले, तरी बदल संपत नाही: आता संगणकाची मूळ प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) बदलावी की नाही, हा प्रश्न लहानमोठ्या प्रत्येक कचेरीपुढे, छापखान्यापुढे आणि घरापुढे वरचेवर उभा राहतो. विंडोज एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती 8 एप्रिल 2014 रोजी थांबली, विंडोज 10 ची सर्वसाधारण मुदत 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली, आणि विंडोज 11 ने घातलेल्या सुरक्षा-चिपच्या अटीमुळे कित्येक धडधाकट यंत्रे अपात्र ठरली. दुरुस्ती थांबलेले यंत्र इंटरनेटला जोडून ठेवणे धोक्याचे, म्हणून बदल करावा, असेच माझे मत आहे. यंत्र जुने असल्यास सी-डॅक या सरकारी संस्थेची ‘बॉस’ लिनक्स प्रणाली हाही एक मार्ग आहे. परंतु युनिकोड रुळण्यापूर्वी विशिष्ट फाँटात टंकलेले मराठी-गुजराती मजकूर हे आपल्या काळाचे मोडी दफ्तरच होय: तो फाँट नव्या प्रणालीत नसेल, तर अर्जाच्या जागी रोमन अक्षरांची अर्थहीन रांग तेवढी उरते. त्यासाठी सर्व दस्तांची नक्कल निराळ्या डिस्कवर काढून, जुने यंत्र लगेच मोडीत न घालता, आधी एकच संगणक बदलावा. त्यावर एखादा जुना फेरफाराचा अर्ज उघडावा, आणि जाणत्या कारकुनाला शेजारी बसवून त्यातील जोडाक्षरे, नावे व सर्व्हे नंबर छापील प्रतीशी एकेक ताडून पाहावेत.