एकाच गावची दोन औषधे

रोगांचे इतिहास लिहिले जातात, औषधांचेही लिहिले जातात. परंतु एक औषध दुसऱ्या औषधाला शरीरात भेटते आणि त्या दोहोंची पुढे रोजच्या अन्नाशी गाठ पडते, तेव्हा काय घडते, याचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. तो आज थोडक्यात सांगावा असे आम्ही योजिले आहे. कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हृदयविकाराच्या गोळ्यांची डबी आहे, आणि काहींच्या घरी तिच्याशेजारी कर्करोगाच्या औषधांची डबीही येऊन बसली आहे.

आमच्या कथेचा आरंभ गोठ्यात होतो. १९२० नंतरच्या काही वर्षांत उत्तर अमेरिकेतील गुरे अंगात रक्तस्राव होऊन मरू लागली. स्वीट क्लोव्हर नावाच्या वनस्पतीचा वाळलेला, पण बुरशी धरलेला चारा खाल्ल्याने हे होते, असे कॅनडातील पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी दाखवून दिले. मात्र चाऱ्यातले नेमके कोणते द्रव्य घातक, हे कोडे सुटले नव्हते. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन राज्यातील एक शेतकरी हिमवादळातून सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकीत मॅडिसन शहरी आला. गाडीत एक मेलेली कालवड होती, खराब चाऱ्याचा ढीग होता आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारे रक्त होते. सरकारी कचेरी बंद होती. म्हणून तो विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत शिरला. त्या कॅनमधून सुरू झालेल्या शोधाने १९३९ मध्ये डायकुमरॉल हे द्रव्य हाती दिले. १९४८ मध्ये त्याचेच भावंड वॉर्फरिन उंदीर मारण्यासाठी बाजारात आले. पुढे तेच माणसाचे औषध झाले, आणि १९५५ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही ते देण्यात आले. विषाचे अमृत झाले, पण मात्रेपुरतेच!

ध्यानात घ्यावे ते हे की, हे औषध जन्मले तेच खाद्यातून, आणि खाद्याशी असलेले त्याचे नाते अद्याप तुटलेले नाही. रक्त गोठण्यास लागणाऱ्या के जीवनसत्त्वाच्या कामात वॉर्फरिन अडथळा आणते, आणि हे जीवनसत्त्व पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्यांत भरपूर असते. एक आठवडाभर पालेभाजी मुळीच नाही आणि पुढच्या आठवड्यात रोज वाटीभर, असे झाले की मोजून ठरविलेली मात्रा चुकते. पालेभाजी वर्ज्य नाही. तिचे प्रमाण सारखे असावे, इतकेच.

आता त्याच मॅडिसनमधील दुसरी प्रयोगशाळा पाहू. कर्काची गाठ युरॅसिल नावाचे द्रव्य निरोगी पेशींपेक्षा अधिक हावरेपणाने ओढून घेते, असे दिसून आले होते. चार्ल्स हायडेलबर्गर यांनी त्या युरॅसिलला फ्लुओरीनची जोड देऊन गाठीला फसविण्याची युक्ती काढली आणि १९५७ मध्ये फ्लुओरोयुरॅसिल जगापुढे आले. शरीरात जाऊन फ्लुओरोयुरॅसिल होणारी कॅपेसिटाबिन ही गोळी १९९८ पासून वापरात आहे. वॉर्फरिन घेणाऱ्या रोग्याला ही गोळी सुरू झाली, की वॉर्फरिनचा निचरा मंदावतो, रक्त गरजेपेक्षा फार पातळ होते आणि कित्येकदा गंभीर रक्तस्राव होतो. त्यात अन्नावरची वासना उडाली, तर के जीवनसत्त्वही कमी पडते आणि धोका आणखी वाढतो. एकाच विद्यापीठात जन्मलेली ही दोन औषधे, दोन्ही जीव वाचविणारी. पण एका देहात त्यांची भेट पहाऱ्याशिवाय होऊ देता येत नाही. पहारा म्हणजे रक्ताची वारंवार तपासणी.

अन्नाचा तिसरा वाटा तर निव्वळ योगायोगाने उघडकीस आला. कॅनडातील डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी रक्तदाबावरील फेलोडिपिन या औषधाबरोबर मद्य घेतल्यास काय होते, हे तपासत होते. मद्याची चव लपावी म्हणून त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तात औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक निघाले. १९९१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे पाण्याऐवजी रसाबरोबर घेतलेले औषध सरासरी पावणेतीनपटीहून अधिक रक्तात उतरत होते. आतड्यात औषधाचे विघटन करणारे एन्झाइम हा रस निकामी करतो. आपल्याकडचे पपनस याच फळाचे जवळचे नातलग. तेव्हा त्याविषयीही वैद्याला विचारलेले बरे.

येथवर अपघात आणि योगायोग झाले. परंतु १९९३ साली जपानमध्ये जे घडले, त्याला अपघात म्हणणे आमच्या जिवावर येते. नागिणीवर सोरिव्हुडिन नावाचे नवे औषध सप्टेंबरात विक्रीस आले आणि सुमारे ४० दिवसांत १५ कर्करोगी दगावले. ते सर्व फ्लुओरोयुरॅसिलच्या जातीची औषधे घेत होते. नव्या औषधाने, फ्लुओरोयुरॅसिलचा निचरा करणारे यकृतातील एन्झाइमच बंद पाडले, आणि नेहमीची मात्रा विषाची मात्रा झाली. धोका अज्ञात होता असेही नाही. विक्रीपूर्व चाचण्यांतही असे मृत्यू घडले होते. मग चुकले कोठे? कर्करोगाचा डॉक्टर एक, नागिणीचा दुसरा. आणि त्या काळच्या जपानी रिवाजाप्रमाणे पुष्कळ रोग्यांना आपणास कर्करोग आहे हेच सांगितलेले नसे. ज्याला स्वतःच्या रोगाचे नाव ठाऊक नाही, त्याने दुसऱ्या डॉक्टरला काय सांगावे?

हा प्रश्न जपानपुरता नाही. ‘बाबांना कळू देऊ नका’ असे दवाखान्याच्या दाराशी कुजबुजणारी मुले आपल्याकडेही आहेत. त्यांच्या मायेविषयी आम्हांस शंका नाही. परंतु त्या शेतकऱ्याने कॅन, चारा आणि कालवड एकाच गाडीत आणली, म्हणून कोडे सुटले. जपानमध्ये ज्ञान एका खोलीत आणि रोगी दुसऱ्या खोलीत राहिला, म्हणून माणसे गेली. तेव्हा घरातील प्रत्येक गोळी, काढा, चूर्ण आणि नेहमीचे खाणे एका कागदावर लिहावे, तो कागद प्रत्येक डॉक्टरपुढे आणि औषधविक्रेत्यापुढे ठेवावा, आणि नवी गोळी जुन्यांशी जुळते का, हे ती गिळण्यापूर्वी विचारावे. ज्याच्या देहात ही सारी एकत्र येणार, त्यालाही तो कागद वाचू द्यावा.