साचेवाल्याची गाठ

आमच्या न्हाणीघरात एक निळी बादली आहे, माझ्याच वयाची. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात कामाला लागल्यावर काकानं ती पहिल्या पगारातून आणली. पहिल्याच वर्षी तिची कडी तुटली, तेव्हा आजोबांनी गिरणीतल्या सुताला पीळ घालून ती बांधून दिली. आजोबा लोअर परळच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे कामगार होते.

ते सांगायचे, “साचा चालू असला की कानाला काही कळत नाही, पण धागा तुटला की हाताला कळतं.” पूर्वी धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढावं लागे. कापसाची तूस छातीत जाई आणि सूत तुटू नये म्हणून खात्यात दमट उकाडा ठेवलेला असे. पहिल्या पाळीच्या भोंग्याला अख्खी चाळ उठायची.

मफतलाल या गिरणीमालक घराण्याची गोष्ट मी त्यांच्याकडूनच ऐकली. मफतलाल गगलभाई तरुणपणी अहमदाबादेत कापड विकत. १९०५ साली शोरॉक मिलपासून त्यांनी गिरणीधंद्यात पाय रोवला. मुंबईत माझगाव आणि लोअर परळला त्यांच्या गिरण्या उभ्या राहिल्या. “खांद्यावर कापड घेऊन फिरलेला माणूस,” हे सांगताना आजोबांचा आवाज मऊ व्हायचा.

पुढची गोष्ट काकानं सांगितलेली. १९६१ साली मफतलाल घराण्यानं शेल कंपनीच्या सहकार्यानं ‘नोसिल’ काढली. १९६८ मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यात तिचा नाफ्था क्रॅकर सुरू झाला. वर्षाला सुमारे साठ हजार टन इथिलीन निघे आणि देशात तेव्हा ते मोठं काम होतं. शेजारीच हेक्स्ट या जर्मन कंपनीच्या साथीनं त्यांचा इथिलीनपासून पॉलिथिन बनवणारा कारखाना चाले. तिथल्यासारख्या प्लास्टिकच्या दाण्यांतूनच बादल्या, पिंपं, डबे घडत. पितळेच्या कळश्या बाजूला पडल्या आणि नळावरून पाणी आणणाऱ्या बायकांच्या कमरेवरचं ओझं हलकं झालं. आजी त्या हलक्या भांड्यांचं मनापासून कौतुक करायची.

मग उतार लागला. १९७९ मध्ये मफतलाल घराण्यातल्या भावांच्या वाटण्या झाल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आजोबांची गिरणी पुन्हा उघडली, पण त्यांना आत घेतलं नाही.

“संपानं गिरण्या खाल्ल्या,” असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही, कारण नोसिलच्या क्रॅकरवर तसा संप झाला नव्हता, तरी तोही बसला. गिरण्यांत जुने साचे वर्षानुवर्षं तसेच राहिले आणि भिवंडीच्या यंत्रमागांनी स्वस्त कापड बाजारात आणलं. क्रॅकरचंही तेच झालं. गुजरातेत हजिऱ्यासारख्या ठिकाणी त्याच्या कित्येक पटींनी मोठे प्रकल्प उभे राहिले, १९९१ नंतर आयातशुल्क उतरलं आणि लहान क्रॅकरचा माल महाग पडू लागला. यंत्र वेळेवर बदललं नाही की पिढ्यांचं कसबही तोकडं पडतं. आणि त्या न बदललेल्या यंत्राची किंमत त्यावर उभा असलेला माणूस मोजतो.

मफतलालचं कापड आजही शाळांच्या गणवेशात दिसतं. नोसिल आता रबराला लागणारी रसायनं करते. क्रॅकर गेला, घणसोलीच्या बसथांब्यावर ‘नोसिल नाका’ हे नाव तेवढं राहिलं. काकाचा कारखानाही बंद झाला.

बादलीची दोरी आतापर्यंत तीनदा कुजली. गेल्या दिवाळीत काकानं नवी बांधली. गाठ मारताना त्याची बोटं झरकन फिरली. फणीतून न अडकता पुढे जावी म्हणून बारीक मारायची ती साचेवाल्याची गाठ. काका गिरणीत एक दिवसही गेलेला नाही.

“कुणी शिकवली?” मी विचारलं.

“बाबांनी. संपात. दिवसभर घरीच असायचे ना.”

मग त्यानं ती गाठ सोडली आणि दोरी माझ्या हातात दिली.