कापसानंतर आमचा नंबर

आमच्या भागात प्रवासाची पहिली मोठी सोय झाली ती कापसाची. १८७० साली लॉर्ड मेयोच्या हस्ते जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली, कारण वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे विलायतेला न्यायचा होता. कापूस खिडकीसाठी भांडत नाही, दर दहा मिनिटांनी "आलं का?" विचारत नाही. साहेब हुशारच!

अमडापूरला रूळ आजही नाहीत. १ जून १९४८ला पुणे-नगर पहिली एसटी धावली, तेव्हा बुलडाणा मध्य प्रांतात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला. पुढे लाल डबा आणि मे महिन्यातलं माहेर यांची जोडी जमली. पाच वर्षांखाली फुकट, बारापर्यंत अर्धं. त्यामुळे कंडक्टरसमोर लेकरांची वयं घटायची आणि नेमकं तेव्हाच पोरगं ठणकावायचं, "मी सहाचा आहे!"

१७ मार्च २०२३पासून बायकांनाही अर्धं तिकीट. आता पोरांसोबत मीही अर्धी. हसू येतं, पण पूर्वी भाड्याचे पैसे मागितले की "कशाला जातेस?" हेही ऐकावं लागायचं. तो प्रश्न आता निम्मा झालाय. उरलेला निम्मा म्हणजे, "परत कधी येतेस?"