पेढीवरून परीक्षागृहाकडे : राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा आणि सोलापूरचा जैन समाज

श्रावकाच्या आचारात आहार, औषध, अभय आणि ज्ञान अशी चार दाने सांगितली आहेत. आहारदानाचे फळ त्याच दिवशी दिसते, औषधदानाचे आठ-पंधरा दिवसांत. ज्ञानदानाचे फळ दिसण्यास मात्र पंधरा-वीस वर्षे लागतात आणि ते पाहण्यास दाता हयात असेलच, असे नाही. तरीही सोलापूरच्या जैन समाजाने गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत या चौथ्या दानासाठी जितका हात सैल सोडला, तितका क्वचितच दुसऱ्या कशासाठी सोडला असेल. सुवर्णमहोत्सवी वर्षात या इतिहासाची एक बाजू विशेषत्वाने नोंदवण्यासारखी आहे. व्यापारी घरातील मुलाची बुद्धी कोणी, केव्हा आणि कशी पारखली, आणि त्या पारखण्याआधी व नंतर समाज त्याच्यापाठीशी कोठे उभा होता, ही ती बाजू होय.

पूर्वी मुलाची परीक्षा पेढीवर होत असे. तोंडी हिशेब, मालाची पारख, उधारीच्या माणसाशी बोलण्याची रीत आणि रोकड-खतावणीचा मेळ, एवढे जमले की मुलगा हुशार ठरे. शाळेचे शिक्षण लिहिण्या-वाचण्यापुरते, फार तर मॅट्रिकपर्यंत. यात कमीपणा होता असे नव्हे. १८८२ साली सोलापुरात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांत गेले, परंतु पदवी न घेताच व्यवसायात उतरले. पुढे त्यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत देशाला पाऊल टाकावयास लावले. हे उदाहरण घराघरांत इतक्या वेळा सांगितले गेले की, शिकून काय मिळणार, या प्रश्नाचे ते ठरलेले उत्तरच होऊन बसले. वालचंदशेठ लाखांत एक होते, ही गोष्ट मात्र सांगणारे सोयीस्करपणे विसरत.

त्यांचे वडील रावसाहेब हिराचंद नेमचंद दोशी यांची दृष्टी निराळी होती. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात त्यांनी सोलापुरातून ‘जैन बोधक’ हे मासिक सुरू केले आणि धर्माबरोबर शिक्षणाचाही प्रचार आरंभला. त्याच सुमारास, १८८५ मध्ये, जी दिगंबर जैन पाठशाळा येथे सुरू झाली, ती आज श्री ऐलक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळा या नावाने ओळखली जाते. धर्मग्रंथांच्या पठणासाठी निघालेल्या या संस्थेच्या छत्राखाली पुढे वालचंद कला व शास्त्र महाविद्यालय, हिराचंद नेमचंद वाणिज्य महाविद्यालय आणि १९८३ मध्ये वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभी राहिली. पाठशाळेच्या मुळाला अभियांत्रिकीची फांदी फुटावी, हे सोलापूरचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. हरिभाई देवकरण या जैन घराण्याच्या नावाची प्रशाला तर शहरातील सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी उघडी राहिली. त्याच घराण्याच्या नावाने जैन ग्रंथांची एक ग्रंथमालाही निघाली. एका हाताने शास्त्रदान आणि दुसऱ्या हाताने शाळा, असा तो काळ होता.

मुलींसाठी पद्मश्री पंडिता सुमतिबाई शहा यांनी श्राविका संस्थेत घेतलेले परिश्रम सोलापूरकरांना ठाऊक आहेत. त्यावर स्वतंत्र लेखच हवा.

या सर्वांबरोबर एका संस्थेचा उल्लेख अगत्याने केला पाहिजे, कारण प्रस्तुत विषयाशी तिचा थेट संबंध आहे आणि नव्या पिढीला तिचे नावही माहीत नसते. माणिकचंद दिगंबर जैन परीक्षालयाचा कारभार अनेक वर्षे सोलापुरातून चालत असे. उत्तरेकडील पाठशाळांमधील विद्यार्थीसुद्धा या परीक्षालयाच्या परीक्षा देत, आणि विशारद, शास्त्री या पदव्यांना समाजात मान असे. म्हणजे देशभरच्या विद्यार्थ्यांची एकाच मापाने परीक्षा घेण्याची कल्पना सोलापूरच्या जैन समाजाला नवी नव्हती. दिल्लीहून तशी परीक्षा येण्याच्या कितीतरी आधी येथून उत्तरेकडे प्रश्नपत्रिका जात होत्या.

ज्यांच्या नावे हे परीक्षालय होते, त्या मुंबईच्या दानवीर शेठ माणिकचंद पानाचंद जव्हेरी यांचे मोठे कार्य वसतिगृहांचे. मुंबईतील हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग हे त्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ उभारले. अन्यत्रही बोर्डिंगांना त्यांचा हात लागला. बोर्डिंगच्या दारात मुलाला गुण विचारले जात, परंतु गुणवत्ता यादीतील स्थान विचारले जात नसे. गाव कोणते, घरची स्थिती काय आणि शिकण्याची इच्छा आहे का, हे पाहिले जाई. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ मध्ये झाली. तिच्या कोल्हापूरच्या बोर्डिंगात राहिलेले एक विद्यार्थी मॅट्रिकची परीक्षा कधीच उत्तीर्ण झाले नाहीत. त्यांचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. गुणगौरवाच्या कोणत्याही यादीत हे नाव आले नसते. बोर्डिंगने तरी त्यांना अखेरपर्यंत कोठे सांभाळून घेतले, असेही कोणी म्हणेल. आणि ते खरेच आहे, त्यांना बोर्डिंग सोडावे लागले होते.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १ सप्टेंबर १९६१ रोजी दिल्लीत राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, म्हणजेच एन.सी.ई.आर.टी., स्थापन झाली. १९६३ मध्ये तिने केवळ दिल्लीपुरती विज्ञान प्रज्ञाशोध योजना राबवली. शिष्यवृत्त्या होत्या अवघ्या १०. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, योजना देशभर लागू होऊन शिष्यवृत्त्या ३५० झाल्या. त्या वेळची पद्धत आजच्या पालकांना नवलाची वाटेल. लेखी चाचणीबरोबर विज्ञानविषयक निबंध, विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल आणि मग मुलाखत. निवड झालेल्याने मूलभूत विज्ञानच शिकावे, अशी अट होती. त्याला थेट डॉक्टरेटपर्यंत आधार मिळे. देशाला वैज्ञानिक हवे होते आणि ते कोणत्या गावच्या कोणत्या घरात दडले आहेत, हे शोधावयाचे होते. ‘शोध’ हा शब्द योजनेच्या नावात शोभेसाठी नव्हता. ताका उलगडून उजेडात धरल्याशिवाय कापडाचा पोत कळत नाही, तसेच हे.

व्यापारी समाजाला मात्र ही अट अडचणीची होती. मुलाने फार तर वाणिज्य शाखेची पदवी घ्यावी, तीही दुकान सांभाळून, अशी सर्वसाधारण अपेक्षा. भौतिकशास्त्र किंवा गणित घेऊन आठ-दहा वर्षे परगावी राहणारा मुलगा गादीवर परत येणार नाही, हे वडिलांना स्पष्ट दिसत असे. शिष्यवृत्तीची रक्कम या मुद्द्यावर गौण ठरे. ज्या घरांनी तरीही मुलाला जाऊ दिले, त्या घरांनी शिष्यवृत्तीपेक्षा मोठे दान केले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९७७ मध्ये योजनेचे नाव व स्वरूप बदलले. १०+२+३ हा नवा आकृतिबंध आला होता. त्यास अनुसरून योजना राष्ट्रीय प्रज्ञाशोध या नावाने दहावी, अकरावी व बारावी या तिन्ही वर्गांना खुली झाली, शिष्यवृत्त्या ५०० झाल्या आणि विज्ञानाबरोबर सामाजिक शास्त्रे, अभियांत्रिकी व वैद्यक यांनाही प्रवेश मिळाला. निबंध व प्रकल्प जाऊन त्यांच्या जागी बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी, अशा पर्यायी उत्तरांच्या प्रश्नपत्रिका आल्या. लाखो मुलांची परीक्षा घ्यावयाची तर दुसरा उपाय नव्हता, हे मान्य. परंतु स्वतःच्या हाताने काही करून त्याचा अहवाल लिहिणारा मुलगा आणि चार पर्यायांतून एक निवडणारा मुलगा यांच्यात अंतर आहे. पुढे या परीक्षेसाठी शिकवणी वर्ग निघाले, ते या बदलानंतरच शक्य झाले.

सोलापूरसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने खरे महत्त्वाचे वर्ष १९८५ हे होय. त्या वर्षापासून परीक्षा केवळ दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि दोन टप्प्यांत होऊ लागली. पहिला टप्पा राज्याचा, दुसरा राष्ट्राचा. महाराष्ट्रात राज्यस्तरीय परीक्षा पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेकडे आली. चौथी-सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षांमुळे ही परिषद शिक्षकांच्या परिचयाची होती. प्रश्नपत्रिका मराठीसह तेरा भाषांत मिळू लागल्या. त्यामुळे बार्शी, करमाळा, अकलूज, नातेपुते येथील मराठी शाळेतील मुलाला निदान दार तरी दिसू लागले. शिष्यवृत्त्यांची संख्या २००० साली १,००० आणि २०१९ मध्ये २,००० झाली. पहिल्या टप्प्यातून राष्ट्रीय टप्प्यावर जाण्यासाठी महाराष्ट्राच्या वाट्याला बराच काळ ३८७ जागा होत्या. सबंध राज्यातून ३८७, त्यात मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर! या यादीत सोलापूरच्या मुलाचे नाव येणे म्हणजे काय, हे या आकड्यावरून समजावे.

मधल्या काळात, २००६ च्या निर्णयानुसार, परीक्षा दहावीवरून आठवीवर नेण्यात आली आणि काही वर्षांनी पुन्हा दहावीला आणण्यात आली. या फेरबदलात शाळांची जी धावपळ झाली, ती वेगळीच.

रकमेचा विचार केला तर ती कधीच फार मोठी नव्हती. दीर्घकाळ दरमहा ५०० रुपये, आणि अखेरच्या वर्षांत अकरावी-बारावीसाठी १,२५० व त्यापुढे पदवी-पदव्युत्तर शिक्षणासाठी २,००० रुपये. मोठ्या शहरातील वसतिगृहाच्या खर्चात ही रक्कम बुडून जाई. परंतु प्रज्ञाशोध शिष्यवृत्तीधारक ही चार अक्षरे अधिक असलेली ओळख जन्मभर सोबत राहत असे. ज्या घरात कोणी पदवीधर नाही, त्या घरातील मुलाच्या बाबतीत या ओळखीमुळे वडिलांचा नकार होकारात बदलू शकत होता. शिष्यवृत्तीचे हे काम कोणत्याही अहवालात नोंदले जात नाही.

येथे समाजाच्या एका सवयीबद्दल बोलणे भाग आहे. निकाल लागले की सर्वच संस्था गुणगौरव समारंभ करतात. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, लिफाफा आणि दोन-तीन भाषणे. हे व्हावेच, मुलाच्या आजी-आजोबांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे तेज दिसते, त्याचे मोल लिफाफ्यात मावत नाही. परंतु हा सन्मान निकालानंतरचा आहे, आणि तो बहुधा त्याच मुलांना मिळतो, ज्यांच्या घरी स्वतंत्र खोली, शिकवणी आणि पुस्तके आधीपासून होती. माणिकचंदशेठांचे बोर्डिंग निकालाआधी उभे राहत होते. दुकानात दिवाणजी म्हणून राबणाऱ्या माणसाचा मुलगा नववीत असतानाच त्याला अशी परीक्षा आहे हे सांगणे, अर्ज भरून घेणे, बसण्यास शांत जागा देणे, या गोष्टींना ना व्यासपीठ लागते ना हार. पूर्वजांनी पैसा खर्च केला तो प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारच्या कामावर. हा क्रम केव्हा उलटा झाला, याचा विचार विश्वस्त मंडळांनी करावा.

याची निकड आज अधिक आहे, कारण राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा आता होत नाही. योजनेची मान्यता ३१ मार्च २०२१ पर्यंतच होती. राष्ट्रीय टप्प्याची शेवटची परीक्षा २४ ऑक्टोबर २०२१ रोजी झाली आणि त्यानंतर ती स्थगित झाली. अठ्ठावन्न वर्षे चाललेले हे काम थांबले, त्याची फारशी चर्चाही झाली नाही.

जे शिल्लक आहे, त्यात राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजना महत्त्वाची आहे. परीक्षा आठवीत होते. देशभरात वर्षाला १,००,००० शिष्यवृत्त्या असून निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न ३,५०,००० रुपयांपेक्षा अधिक नसावे आणि विद्यार्थी शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असावा, या तिच्या अटी आहेत. विनाअनुदानित इंग्रजी शाळांत जाणाऱ्या मुलांना तिचा लाभ नाही. म्हणजे ही परीक्षा नेमकी त्या मुलांची आहे, ज्यांची नावे गुणगौरवाच्या यादीत सहसा येत नाहीत. २७ जानेवारी २०१४ रोजी जैन समाजास राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्यानंतर अल्पसंख्याक शिष्यवृत्त्यांचे दारही उघडले, मात्र तेथेही उत्पन्नाचा दाखला लागतो. संपन्न म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजातील गरजू कुटुंबाला तो दाखला मागताना जो संकोच होतो, तो त्या कुटुंबालाच माहीत.

२०२१ च्या अखेरच्या प्रज्ञाशोध यादीतील मुले तेव्हा नुकतीच दहावी ओलांडलेली होती. योजना थांबली तरी मिळालेली शिष्यवृत्ती पुढील शिक्षणासाठी असल्याने त्यांच्यापैकी अनेकजण पदवीच्या वर्गात बसून ती घेत राहिले. ते शिकून बाहेर पडतील, तेव्हा १९६३ साली दिल्लीत १० मुलांपासून सुरू झालेली ती यादी पूर्ण होईल.