कॅसेटची एक बाजू, लोणावळ्यापर्यंत

गाडीत ऐकायला सगळ्यात भारी अल्बम कोणता, हा वाद आमच्या हापिसात दर शुक्रवारी चहाच्या वेळी निघतोच. कुणी लकी अलीचा 'सुनो' (१९९६) म्हणतं, कुणी 'दिल चाहता है' (२००१). आणि एक जण हमखास 'माझ्या प्लेलिस्टमध्ये बाराशे गाणी आहेत' असं सांगून वादाचा पचका करतो. माझं मत जरा वेगळं आहे. याचं उत्तर आवडीनिवडीत नाही, इतिहासात आहे. रस्त्यावरच्या संगीताला आधी क्रम लागतो, मग गाडीच्या आवाजावर मात करण्याची ताकद लागते, आणि आपली आवड त्यानंतर कधीतरी येते. हा इतिहास शोधायला पिंपरी-चिंचवडकरांनी लांब जायची गरज नाही. निगडी ते चाकण एवढ्याच टापूत त्याचे बरेच धागे सापडतात.

साधा 'टेंपो' हा शब्द घ्या. संगीतात टेंपो म्हणजे लय. आपल्याकडे टेंपो म्हणजे घरसामान हलवायची गाडी! हा दुसरा अर्थ आकुर्डीचा. जर्मनीत हाम्बुर्गला 'टेंपो' नावाची तीनचाकी मालवाहू गाडी बनायची. तिच्या सहकार्याने १९५८ मध्ये बजाज टेंपो ही कंपनी निघाली आणि पुढे आकुर्डीत स्थिरावली. तीनचाकी हॅन्सीट, मग मॅटाडोर. गाड्या इतक्या खपल्या की कंपनीचं नाव हे वस्तूचंच नाव झालं. २००५ मध्ये कंपनीने स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण आपण अजून टेंपोच बोलावतो. असो, विषयांतर होतंय.

तर, क्रम. या रस्त्यावरचं सगळ्यात जुनं प्रवासी संगीत म्हणजे अर्थातच वारी. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी, मध्ये आपली एमआयडीसी. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळ्याची प्रथा सुरू केली. देहूहून निघालेली पालखी आजही आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला असते. लोक फोटो काढतात, वाटेत पाणी-केळी वाटतात, पण दिंडीत काय गातात आणि कुठल्या क्रमाने, हे फारसं कुणी ऐकत नाही. तिथे मनाला येईल तो अभंग गात नाहीत. वारकऱ्यांची भजनी मालिका ठरलेली असते. पहाटेचा काकडा वेगळा, संध्याकाळचा हरिपाठ वेगळा, सोमवारचे अभंग वेगळे, मंगळवारचे वेगळे. वीणेकरी असतो, टाळकऱ्यांच्या ओळी असतात, मृदंग असतो, आणि पावलं त्या लयीत पडतात. पुढचं काय हे चालणाऱ्याला ठरवायचं नसतं, त्याने फक्त चालायचं. शेकडो मैल पायी जाणाऱ्या माणसासाठी याहून चांगली व्यवस्था मला सुचत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर शफलचं बटण मुद्दामच दिलेलं नाही :-)

मोटारीत संगीत नेण्याची खटपट मात्र अमेरिकेत सुरू झाली आणि ती बरेच दिवस गंमतशीर होती. १९३० च्या सुमारास गॅल्विन बंधूंनी मोटारीतला रेडिओ विकायला काढला. मोटार आणि व्हिक्ट्रोला मिळून त्याचं नाव मोटोरोला. (हो, तीच फोनवाली.) पण रेडिओवर दुसऱ्याची निवड. आपली निवड हवी म्हणून १९५६ मध्ये क्रायसलर कंपनीने गाडीत चक्क रेकॉर्ड प्लेअर बसवला. डॅशबोर्डखाली तबकडी, मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेरे. सुई उडू नये म्हणून ती तबकडीवर दाबून ठेवायची, आणि त्यासाठीच्या खास रेकॉर्डही वेगळ्या घ्यायच्या. हे फार काळ टिकलं नाही यात नवल ते काय. खरा मार्ग निघाला तो १९६३ मध्ये, फिलिप्सच्या छोट्या कॅसेटमधून. लू ऑटेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती खिशात मावावी म्हणून केली होती. सुरुवातीला तिच्याकडून अपेक्षा होती ती बोललेलं टिपून ठेवण्याची, संगीताची नव्हे.

आपल्याकडे हे सगळं यायला १९८० चं दशक उजाडलं. तोवर रेडिओ ऐकायलाही पोस्टातून लायसन काढावं लागे, आणि रेकॉर्ड म्हटलं की एचएमव्हीचा कुत्रा. टेप आणि डेक स्वस्त झाले, गुलशन कुमारांची टी-सिरीज आणि तिच्यासारख्या कंपन्या आल्या, आणि कोण काय ऐकणार याचं गणितच फिरलं. पीटर मॅन्युएल या अमेरिकी संगीत-अभ्यासकाचं 'कॅसेट कल्चर' (१९९३) हे पुस्तक याच विषयावर आहे, जमलं तर जरूर वाचा. त्याचा मुद्दा असा की रेकॉर्ड काढायला मोठं भांडवल लागायचं, म्हणून सिनेमाचं संगीत सगळ्यांच्या डोक्यावर बसलं होतं. कॅसेट थोड्या पैशात निघू लागली आणि प्रादेशिक, जातीजमातीचं, देवळातलं, तमाशातलं संगीत बाजारात आलं.

मराठीपुरतं बोलायचं तर प्रल्हाद शिंदे यांचा आवाज ट्रकच्या केबिनमध्ये पोचला तो असा. विठ्ठलाची गाणी, कव्वाल्या, भीमगीतं. मग आनंद शिंदे यांचं ते पोपटाचं गाणं, ज्याने टपऱ्या आणि टेंपो दणाणून सोडले. इकडे पुण्यात कर्वे रस्त्यावर अलूरकर म्युझिक हाऊस शास्त्रीय संगीताच्या कॅसेटी काढत होतं. माध्यम एकच, पण एक कॅसेट ट्रान्सपोर्ट नगरातल्या ट्रकमध्ये आणि दुसरी डेक्कनच्या दिवाणखान्यात. या दोन जगांची गाठ फारशी पडत नसे. पडली तर बहुधा रस्त्यावरच, सिग्नलला.

आता आवाजाचा मुद्दा. ट्रकवाल्यांची आवड 'भडक' असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते पटत नाही. जरा हिशेब करू. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात दोनदा धडधडतं. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५०, म्हणजे सेकंदाला १०० धडका, म्हणजे १०० हर्ट्झचा एक अखंड घुमारा. तबल्यातल्या डग्ग्याचा घुमार साधारण याच्याच आसपास. त्यात टायरचा आणि वाऱ्याचा आवाज. या चिखलात काय वर येतं? ढोलकीची थाप, टाळ, हार्मोनियम आणि वरच्या पट्टीतला खडा गळा. विलंबित ख्यालातली हलकी आलापी गाडीत ऐकून बघा. आवाज वाढवला नाही तर काही ऐकू येत नाही आणि वाढवला की तान आली रे आली की दचकायला होतं. म्हणजे ट्रकवाल्याने जे निवडलं ते त्याच्या कानाला त्या केबिनमध्ये जे पोचत होतं ते. ही अभिरुचीची नव्हे, इंजिनची गोष्ट आहे. त्याला शांत केबिन कुणी दिली असती तर त्याने काय ऐकलं असतं, हा प्रश्न आपण कधी विचारला नाही.

मध्यमवर्गाची स्वतःची गोंगाटी गाडी आली ती पिंपरीतूनच. टेल्कोचा पुण्याचा कारखाना १९६६ चा, पण तो ट्रकचा म्हणून ओळखला जाई. ३० डिसेंबर १९९८ ला इंडिका बाजारात आली. डिझेल इंडिकात बसून कुमार गंधर्व ऐकायचा ज्याने प्रयत्न केला असेल त्याला वरचा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको. साध्या मॉडेलला स्टिरिओ नसायचाच. गाडी घेतली की आधी हार घालायचा, मग डेक 'बसवून' घ्यायचा, मागच्या काचेखाली ते सहा बाय नऊचे अंडाकृती स्पीकर टाकायचे, आणि चोरीच्या भीतीने डेकचा पुढचा भाग काढून खिशात घेऊन फिरायचं.

आणि त्याच वर्षी आला 'गारवा'. सौमित्रच्या कविता, मिलिंद इंगळेचं संगीत आणि आवाज. माझ्या पिढीला विचाराल तर मुंबई-पुणे रस्त्याचा अल्बम हाच, आणि त्याचं कारण निव्वळ पाऊस नाही. त्यात सौमित्र आधी कविता बोलतो, मग त्यातून गाणं सुरू होतं. कवितेशिवाय गाणं अर्धं वाटतं. शिवाय कॅसेटमध्ये पुढचं गाणं शोधायचं म्हणजे फॉरवर्ड दाबून अंदाजाने थांबायचं, ते चालवताना कोण करतो? म्हणून सगळे जण सगळा अल्बम ओळीने ऐकायचे, न आवडलेली गाणीसुद्धा. आणि न आवडलेली गाणीच सातव्या-आठव्या फेरीत आवडायला लागायची! हा अनुभव ज्यांना आहे त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर आपण भरून घ्यायचो, तिची एक बाजू ४५ मिनिटांची. निगडीहून जुन्या हायवेने लोणावळा चाळीसेक किलोमीटर, म्हणजे रस्ता मोकळा असेल तर एक बाजू. घाटाच्या तोंडाशी कॅसेट उलटायची. काही गाणी माझ्या डोक्यात आजही वडगावची आहेत आणि काही कामशेतची, कारण ती नेहमी तिथेच लागायची. २००२ मध्ये एक्सप्रेसवे पूर्ण सुरू झाला. किवळे ते कळंबोली ९४.५ किलोमीटर, ताशी ८० ने सव्वा तासाच्या आत. कॅसेटची दुसरी बाजू संपायच्या आत पनवेल. गावं रस्त्यापासून दूर गेली आणि गाण्यांना अडकवायला खुंट्या राहिल्या नाहीत. 'आयुष्यावर बोलू काही' २००३ पासूनचं. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी मी एक्सप्रेसवेवर कितीतरी वेळा ऐकले, पण त्यातलं कुठलंही गाणं मला कुठल्या गावाचं म्हणून आठवत नाही.

मग एमपी-थ्री. ७०० एमबीची एक सीडी, १२८ केबीपीएसने भरली तर बारा तास संगीत. आम्ही सॉफ्टवेअरवाले यात सगळ्यात पुढे, सीडीवर मार्करने 'मिक्स ७' असं लिहून वाटत सुटलो. पुढचं बटण आलं आणि अल्बम संपला. गाणं आवडत नाही हे ठरवायला आता दहा सेकंद पुरतात.

दरम्यान गाड्याही सरकल्या. बजाजचा चाकणचा कारखाना आला. आकुर्डीतलं गाड्यांचं उत्पादन २००७ मध्ये थांबलं. मर्सिडीज पिंपरीहून २००९ मध्ये चाकणला गेली, त्याच वर्षी फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. स्टिरिओ आता कारखान्यातूनच लागून येतो, केबिन इतकी शांत की बाहेरचा हॉर्न ऐकू येत नाही. म्हणजे विलंबित ख्यालही निवांत ऐकता यावा अशी गाडी पहिल्यांदाच हाताशी आहे, आणि चालवायला रस्ता कुठला, तर नाशिक फाटा, भोसरी, मोशी, चाकण! वीसेक किलोमीटरला तास-सव्वातास लागू शकतो. कंपनीच्या बसमध्ये पूर्वी ड्रायव्हर लावेल ते चाळीस जणांना ऐकावं लागे. सगळे शिव्या घालायचे, पण सगळ्यांना पाठ असायचं. आता प्रत्येकाच्या कानात आपापलं बोंडूक.

चाकणच्या रस्त्यासाठी माझी शिफारस विचाराल तर 'गीत रामायण'. १ एप्रिल १९५५ ते १९ एप्रिल १९५६, पुणे आकाशवाणी, गदिमा आणि बाबूजी, आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गाणी. क्रम रामकथेचा, त्यामुळे मधलं वगळलं तर कथाच तुटते. सकाळी नाशिक फाट्याला अयोध्येत असलात तर तळेगाव चौकात वनवास सुरू झालेला असतो, आणि बाहेरचं दृश्य बघता ते योग्यच वाटतं. परतीला पु.लं.ची 'म्हैस'. रत्नागिरीहून मुंबईला निघालेली एसटी म्हशीपायी रस्त्यात अडकते आणि आत बसलेल्या प्रत्येकाला बोलायला वेळच वेळ मिळतो. आंबेठाण चौकात तिच्यासारखी सोबत नाही.

फक्त ज्येष्ठ-आषाढात, पालखी आकुर्डीला येते त्या दिवशी, जुन्या हायवेने जाणार असाल तर स्टिरिओ लावू नका. वाहतूक वळवलेली असते, आपण कुठेतरी अडकलेले असतोच. इंजिन बंद करून काच खाली केली की मृदंग लांबूनसुद्धा ऐकू येतो.