रात्रीचा पाहुणा आणि यांत्रिक डोळा

सकाळी अंगणात यावे तो पपईचे पिकलेले फळ अर्धे खाल्लेले, अळूच्या वाफ्यातील माती उकरलेली आणि कुंपणाखालून कोणीतरी वाट काढलेली, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांस असेल. अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी उदमांजराचे नाव घेतात, गडी घुशीचे घेतो आणि मुले थेट बिबट्यावर जातात. वाद मिटत नाही, कारण साक्षीदार कोणीच नसतो. हल्ली मात्र वहीएवढी एक पेटी झाडाच्या बुंध्याला पट्ट्याने बांधली म्हणजे दुसऱ्या दिवशी साक्ष हाती येते. ही पेटी आज बाजारात सहज मिळते. तथापि तिच्यामागे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाची धडपड आहे, आणि आज नभोवाणीवर तिचीच हकीकत सांगावयाची आहे.

ह्या हकीकतीचा आरंभ अमेरिकेत, सुपीरिअर सरोवराच्या दक्षिण काठी, मिशिगन संस्थानातील मार्केट गावाजवळच्या एका लहानशा तळ्यावर होतो. जॉर्ज शायरस हे पिट्सबर्गचे वकील. त्यांचे वडील अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. मुलगा १९०३ ते १९०५ ह्या काळात तेथील लोकप्रतिनिधींच्या सभेत बसला आणि स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांस कायद्याचे संरक्षण असावे म्हणून त्याने विधेयक मांडले. परंतु शायरस लक्षात राहिले ते ह्या कामामुळे नव्हे. लहानपणापासून ते शिकारी होते, आणि हरणाची रात्रीची शिकार करण्याची एक युक्ती त्या भागातील ओजिब्वा लोकांपासून चालत आलेली होती. होडीच्या नाळेवर उजेड ठेवावयाचा, वल्ह्याचा आवाज होऊ न देता काठाकाठाने जावयाचे. पाण्यावर आलेले हरिण त्या उजेडाकडे टक लावून पाहत राहते. त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. होडीतील माणूस त्याला दिसत नाही. मग त्या दोन ठिणग्यांच्या मध्ये नेम धरला म्हणजे झाले.

शायरसांनी ही युक्ती जशीच्या तशी ठेवली, फक्त बंदुकीच्या जागी कॅमेरा आणला. १८८९ पासून ते दिवसा छायाचित्रे घेऊ लागले होते. रात्रीची अडचण उजेडाची होती, आणि ती १८८७ साली जर्मनीत निघालेल्या मॅग्नेशियमच्या भुकटीने दूर केली. चिमूटभर भुकटी पेटली की क्षणमात्र लखलखाट होतो व सारे रान उजळून निघते. हे काम सुखाचे मुळीच नव्हते. भुकटीचा भडका, धुराचा लोट आणि डुगडुगणारी होडी ह्या सर्वांतून काचेवर चित्र उमटवावयाचे! तरीही त्यांनी ते साधले. पहिल्या लखलखाटाने हरिण दचकते, हे पाहून त्यांनी दुसरा कॅमेरा व दुसरा लखलखाट जोडीला घेतला आणि उसळी मारलेले हरिण हवेतल्या हवेत टिपले.

परंतु आपल्या पेटीची खरी आजी ही होडी नव्हे. शायरसांनी आणखी एक गोष्ट केली. जनावराच्या येण्याजाण्याच्या वाटेवर दोरी ताणून किंवा आमिषाला दोरी बांधून तिचे दुसरे टोक त्यांनी कॅमेऱ्यास जोडले. जनावराने दोरी ओढली की भुकटी पेटावी आणि झडप उघडून मिटावी, अशी ती योजना होती. छायाचित्रकार घरी झोपलेला आणि जनावर स्वतःचे चित्र स्वतःच काढीत आहे, ही कल्पना आज आपणास साधी वाटते. मला मात्र ती कॅमेऱ्याच्या शोधाइतकीच मोठी वाटते. कारण माणूस जवळ असताना जनावर जसे वागते तसे ते एरवी वागत नाही, हे प्रत्येक शिकाऱ्यास ठाऊक होते, पण त्यावर उपाय कोणालाच सापडला नव्हता.

१९०६ च्या जुलै महिन्यात 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाच्या संपादकांनी, गिल्बर्ट ग्रोव्हेनर ह्यांनी, शायरसांची ७४ छायाचित्रे एकाच अंकात छापली. वाचक खूष झाले. संचालक मंडळातील दोन गृहस्थांनी मात्र, भूगोलाच्या गंभीर मासिकाचे चित्रांचे पुस्तक झाले, असे म्हणून राजीनामे दिले असे सांगतात. आज ते मासिक ज्या गोष्टीसाठी जगभर ओळखले जाते, तिचे स्वागत असे झाले!

त्याच सुमारास कार्ल गेओर्ग शिलिंग्स ह्या जर्मन शिकाऱ्याने पूर्व आफ्रिकेत रात्रीची छायाचित्रे घेतली; त्याचे पुस्तक १९०५ चे आहे. पुढे पनामातील बारो कोलोराडो बेटावर फ्रँक चॅपमन ह्या पक्षितज्ज्ञांनी रानवाटांवर असेच कॅमेरे लावून तेथून कोण कोण जाते ह्याची नोंद केली व १९२७ साली ती प्रसिद्ध केली. हा कॅमेऱ्याच्या आधारे एका रानातील रहिवाशांची मोजदाद करण्याचा आरंभीचा प्रयत्न म्हणावा लागेल.

आपल्या देशातील ह्या विद्येचे आद्य पुरुष म्हणजे एफ. डब्ल्यू. चँपियन. संयुक्त प्रांतात, शिवालिकच्या पायथ्याच्या रानांत, ते वनाधिकारी होते. साहेबाने वाघावर पाय ठेवून छायाचित्र काढून घ्यावे असा तो काळ. परंतु चँपियन ह्यांना जिवंत वाघाचे चित्र हवे होते. वाघ नेहमीच्या वाटेनेच फिरतो, हे हेरून त्यांनी त्या वाटेवर तार ताणली. १९२५ साली त्यांची वाघांची छायाचित्रे लंडनच्या सचित्र साप्ताहिकात झळकली आणि १९२७ साली त्यांचे पुस्तक निघाले. जिम कॉर्बेटने बंदूक खाली ठेवून कॅमेरा उचलला, त्यात चँपियन ह्यांच्या उदाहरणाचा वाटा होता. चँपियन ह्यांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली: एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात, आणि म्हणून चित्रावरून वाघ ओळखता येतो.

ह्या निरीक्षणाचा उपयोग होण्यास जवळजवळ सत्तर वर्षे लागली. मध्यंतरी आपल्याकडे वाघ मोजीत ते पावलांच्या ठशांवरून. ही पद्धत ओडिशाच्या सरोज राज चौधरी ह्यांनी १९६६ साली सुरू केली. पद्धत स्वस्त होती, परंतु ठसा मातीच्या मऊपणाप्रमाणे बदलतो व तो कोणाचा हे पाहणाराच ठरवितो. राजस्थानातील सरिस्का येथे कागदोपत्री वाघ नांदत होते. २००५ च्या आरंभी उघड झाले की रानात एकही उरलेला नाही. चोरट्या शिकाऱ्यांनी ते संपविले होते, आणि ठशांच्या याद्यांनी त्याची वेळीच वर्दी दिली नव्हती.

कर्नाटकातील नागरहोळेच्या रानात उल्हास कारंत ह्यांनी कॅमेऱ्याची पद्धत बसविली व १९९५ साली तिचा निबंध प्रसिद्ध केला. तिचे गणित मोठे सुरस आहे. समजा, पहिल्या खेपेस वीस निरनिराळे वाघ चित्रात आले. दुसऱ्या खेपेस पुनः वीस आले व त्यांत दहा ओळखीचे निघाले. म्हणजे निम्मे ओळखीचे. तेव्हा पहिले वीस हे एकंदरीच्या निम्मे असावेत आणि रानात सुमारे चाळीस वाघ असावेत. प्रत्यक्षातील हिशेब ह्याहून पुष्कळ गुंतागुंतीचा असतो, पण गाभा हाच. वाघाच्या दोन कुशींवरील पट्टेही सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांस समोरासमोर दोन कॅमेरे लावतात. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते व त्यांनी तीन कोटी अठ्ठेचाळीस लाखांहून अधिक चित्रे घेतली. त्यांतील ७६,६५१ वाघांची होती. मुंबईच्या अंगणातील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व आरे परिसरात २०१५ साली अंगावरील ठिपक्यांवरून ३५ बिबटे ओळखले गेले, तेही ह्याच रीतीने.

आता घरच्या बागेतील पेटीकडे वळू. तिच्यात दोरी नाही, भुकटी नाही. समोरून उष्ण देह हलला की उष्णतेतील फरक आतील संवेदकास कळतो, आणि माणसाच्या डोळ्यास जवळजवळ न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात चित्र निघते. पेटी गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधावी, तोंड उगवतीकडे वा मावळतीकडे करू नये, आणि समोरचे गवत कापून टाकावे. नाहीतर उन्हात डुलणाऱ्या पात्यांचीच शेकडो चित्रे पदरी पडतात.

मात्र हा डोळा माणसालाही टिपतो. उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पाच्या परिसरात केलेले एक संशोधन २०२४ साली केंब्रिज विद्यापीठाकडून प्रसिद्ध झाले. गवत, सरपण आणण्यास रानात जाणाऱ्या बायका कॅमेरे लागल्यापासून मोकळेपणी बोलत वा गात नाहीत, असे त्यात आढळले. त्यांची गाणी केवळ करमणुकीची नव्हती; हत्ती व वाघ त्या आवाजाने दूर राहत. अशाच एका कॅमेऱ्यात आलेले एका स्त्रीचे अर्धवस्त्र चित्र गावभर फिरले, तेव्हा संतापलेल्या गावकऱ्यांनी सापडतील ते कॅमेरे फोडले. बागेत पेटी बांधताना तिचे तोंड शेजाऱ्याच्या न्हाणीघराकडे किंवा पाऊलवाटेकडे नाही ना, हे पाहण्यास एक मिनिटही लागत नाही.